निर्मळच्या वाडीतला नाताळ

वसई रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं तरी बराच वेळ खरी वसई लागत नाही. लागतात त्या उंच इमारती, मोबाइलची दुकानं, क्लासच्या पाट्या आणि रिक्षांची लांबलचक रांग. पापडीच्या दिशेने पुढे सरकलं की इमारतींच्या फटींतून केळीची पानं डोकावू लागतात. मग एखादी विहीर, मग कौलारू घर, घरापुढे चुन्याने रंगवलेला क्रूस आणि क्रुसाच्या पायाशी झेंडूची ताजी माळ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या सगळ्यावर चांदण्या टांगलेल्या असतात. कागदाच्या, कापडाच्या, बांबूच्या कामट्यांच्या, काही तर माणसाहून उंच. आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की आकाशकंदील माळ्यावर जातो. इथे त्यानंतर महिन्याभरात तो नव्याने बांधायला घेतात आणि त्याला पाच टोकं काढतात.

मी वाईचा. बँकेत पुष्कळ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला मित्र निर्मळचा. दर नाताळात त्याच्या डब्यातून येणारे कुलकुल आणि केकचे तुकडे आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ले होते, आणि दर वेळी तो म्हणायचा, "हे डब्यात खायचं नसतं रे, घरी येऊन खायचं असतं." त्याच्या घरी जायला मला निवृत्तीपर्यंत सवड झाली नाही. आता झाली.

पापडी हे गाव धर्मप्रांताचं मुख्य ठाणं. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत १९९८ साली झाला, आणि इथल्या कृपामातेच्या देवळाला कॅथेड्रलचा मान मिळाला. ख्रिस्ती माणसं इथे चर्चला सहज देऊळ म्हणतात. देवळाच्या आवारात बायका फुलांच्या कुंड्या लावत होत्या, पोरं शिड्यांवर चढून दिव्यांच्या माळा सोडत होती. बाहेर बाजारात पालेभाजीच्या जुड्या, वेलची केळी, सोनचाफ्याच्या पुड्या आणि त्यांच्या शेजारीच सांताक्लॉजच्या लाल टोप्या. एक म्हातारी लाल लुगडं नेसून, गळ्यात सोन्याची पोत घालून भाजी विकत बसली होती. माझ्या पिशव्या पाहून तिने विचारलं, "कुणाकडे आलात सणाला?" मी घराचं नाव सांगितलं. तिला घर माहीत होतं, घरातली माणसं माहीत होती, कोणाची मुलगी कुठे दिली तेही माहीत होतं. तिने मुळ्याची एक जुडी पिशवीत कोंबली आणि पैसे घेतले नाहीत. सणाला आलेला माणूस कुणा एका घराचा पाहुणा नसतो, साऱ्या पंचक्रोशीचा असतो, हा या भागाचा रिवाज मला पुढे ठायीठायी दिसला. त्याची सुरुवात या मुळ्याच्या जुडीने झाली.

निर्मळला जाण्याआधी मित्राने मला वसईच्या किल्ल्यात नेलं. "आधी इथे ये," तो म्हणाला, "म्हणजे आम्ही कोण ते कळेल." १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे वर्षं या किल्ल्यात एक अख्खं शहर नांदत होतं. आज त्याच्या भिंती उरल्यात. सेंट जोसेफच्या देवळाचा मनोरा उभा आहे, त्याच्या अंगावर पिंपळाची मुळं उतरली आहेत. छप्पर नाही, त्यामुळे वेदी होती तिथे थेट ऊन पडतं. वसईतच जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांना १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर चढवलं आणि १८६२ साली रोमने त्यांना संत म्हणून घोषित केलं. मित्राच्या बोलण्यात ते एखाद्या चुलत आजोबासारखे येतात.

मनोऱ्याखाली उभं राहून मी वर पाहिलं. घंटेची जागा मोकळी होती. ती कुठे गेली, हे वाईच्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या मेणवलीत, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांच्या देवळांतल्या अशा घंटा मराठ्यांनी ठिकठिकाणच्या देवांना वाहिल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही मेणवलीला पोहायला जायचो तेव्हा ती घंटा म्हणजे पराक्रमाची खूण, एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि तो पराक्रम खराच होता. पोर्तुगिजांनी इथे देवळं पाडली, सक्ती केली. त्या जाचातून हा मुलूख मोकळा करायला चिमाजीअप्पांच्या फौजेने किती माणसं गमावली, ते बखरींतून वाचायला मिळतं. पण घंटा वाजायची थांबल्यावर खाली जी माणसं उरली, त्यांचा विचार आम्हा पोरांच्या मनात कधी आला नव्हता. पोर्तुगीज जहाजांत बसून गेले. ख्रिस्ती झालेला शेतकरी जाणार कुठे? त्याची विहीर इथे, केळी इथे, भाऊबंद इथे. पेशव्यांच्या राज्यात तो आपली वाडी कसत राहिला आणि गोव्याहून येणाऱ्या पाद्र्यांच्या आधाराने आपली प्रार्थना करत राहिला. मित्राला मी मेणवलीच्या घंटेचं सांगितलं. तो म्हणाला, "वाजते ना अजून?" मी म्हटलं, वाजते. "मग बरं," तो म्हणाला, आणि आम्ही रिक्षात बसलो.

किल्ल्यापासून उत्तरेकडे गास, भुईगाव, निर्मळ अशी गावं एकमेकांना चिकटून लागतात. कुठे एक संपलं आणि दुसरं लागलं ते परक्याला कळत नाही. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, कारण तो वाड्यांच्या बांधांवरून गेला आहे. दोन्ही बाजूंना केळी, नारळ, पानवेली, मोगरा, जास्वंद. मुंबईच्या फुलबाजाराला आणि भाजीबाजाराला या पट्ट्याने पिढ्यान् पिढ्या माल पुरवला. निर्मळला मोठं तळं आहे, शंकराचार्यांचं देऊळ आहे, तिथे कार्तिकात मोठी जत्रा भरते, आणि पवित्र क्रुसाचं देऊळही आहे. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची घरं एकाच आळीत, बोली एकच. ख्रिस्ती सामवेद्यांना कुपारी असंही म्हणतात. त्यांची आपसातली बोली माझ्यासारख्या घाटावरच्या माणसाला निम्मीच कळते. माझ्याशी बोलताना ते शाळेतल्या मराठीत यायचे आणि भांडण रंगलं की परत आपल्या बोलीत जायचे.

घरी पोचलो तेव्हा ओट्यावर कुणीच नव्हतं. सगळं घर मागच्या पडवीत जमलं होतं. मित्राची आई, तिच्या दोन जावा, सुना, नाती, शेजारच्या दोघी, कॅनडाहून आलेला पुतण्या आणि त्याची बायको. मधे मोठ्या परातीत मैद्याचा गोळा, नारळाच्या दुधात मळलेला. मी हातपाय धुऊन आलो. पाट, पाणी, मग चहा असा क्रम मनात धरून उभा होतो. मित्राच्या आईने, म्हणजे मावशींनी, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सरकून शेजारी जागा केली आणि हातात काटा दिला. "बस बाबा. हे असं दाबायचं, असं गुंडाळायचं. जाड ठेवू नको, आत कच्चं राहतं."

कुलकुल असे करतात. बोराएवढी गोळी घ्यायची, ती काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पसरवायची आणि हलकेच गुंडाळत सोडवायची. पृष्ठभागावर काट्याच्या रेघा उमटतात आणि छोटी शंखासारखी वळकटी होते. काट्याऐवजी नवी कोरी फणीही चालते. एका घराला असे हजारो करावे लागतात, म्हणून एकटी बाई ते करूच शकत नाही. वळायला दहा हात लागतात, आणि दहा हात जमले की दहा तोंडं बोलायला लागतात. त्या दुपारी मला कळलं की कुणाच्या विहिरीचं पाणी यंदा खारट झालं, कुणी जमीन बिल्डरला दिली आणि त्यावरून भावाभावांत बोलणं बंद आहे, आणि नाताळच्या आत ते सुरू व्हावं म्हणून फादर दोन्ही घरी जाऊन आले. कॅनडातल्या सुनेचं पीठ थंडीत फुगत नाही. त्यावर तिघींनी तीन उपाय सांगितले.

वाईला पाहुणा आला की त्याची जागा बाहेरच्या खोलीत. त्याच्यापुढे ताट येतं, आग्रह होतो, वाढणारीचा हात थांबत नाही. त्याने उठून स्वतःचं ताट उचललं तर घरच्या बाईला तो आपला कमीपणा वाटतो. हा आदर आहे, त्यात वाढलेल्या मला त्याचं मोल ठाऊक आहे. पण त्या आदरात पाहुणा शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. निर्मळला मला पहिल्या घटकेत कामाला लावलं आणि त्याबरोबर घरातली भांडणं, काळज्या, उसने दिलेले पैसे, सगळं माझ्यासमोर मोकळेपणी बोललं गेलं. माझ्या मते हा पाहुणचार जास्त अवघड आहे. आग्रह करायला भरलेला डबा पुरतो. इथे यजमानाला आपलं घर पसाऱ्यासकट दाखवावं लागतं.

तळणाला सुरुवात झाली तेव्हा चुलीपाशी दोन कढया दिसल्या. एक मोठी, काळवंडलेली. दुसरी बेताची, लख्ख घासलेली, वेगळ्या झाऱ्यासकट. मित्राच्या बायकोला, वहिनींना, विचारलं. "ती बामणांच्या घरची," त्या म्हणाल्या. पलीकडच्या सामवेदी ब्राह्मण घरी जाणाऱ्या फराळात अंडं नसतं, त्याचं तेल वेगळं, कढई वेगळी, आणि ती कढई वर्षभर दुसऱ्या कशाला वापरत नाहीत. सासूबाईंच्या सासूबाईंपासून हे असंच आहे. "दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या येतात, अनारसे येतात. त्या बाय आमच्याकडे खात नव्हत्या तेव्हाही डबा घ्यायच्या. आता त्यांची नातवंडं इथेच जेवतात, तरी कढई आहे ती आहे." समतेवरची पुष्कळ भाषणं मी ऐकली आहेत. त्यांत ही कढई कधी आली नाही. ती यायला हवी होती.

संध्याकाळी पोरांनी मला गोठा दाखवायला नेलं. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून प्रत्येक घरापुढे आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी गोठा मांडतात. पेंढ्याचं छप्पर, मातीची गुरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ. पंधरा दिवस आधी पसरट ताटल्यांत नाचणी पेरून तिची कोवळी हिरवळ तयार केली होती, ती आता डोंगरउतारावर बसवायची होती. आमच्याकडे दिवाळीत किल्ले करतात आणि त्यावर अळीव पेरतात, तीच ही पोरं, तीच ही माती. आळीच्या गोठ्यात विहीर होती आणि विहिरीवर खरोखर फिरणारा रहाट. बेथलेहेमात असा रहाट होता का, हे कोणी विचारलं नाही. येशू निर्मळला जन्मला असता तर त्याच्या अंगणात रहाट असता, हे त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. गव्हाणी मात्र रिकामी होती. बाळाची मूर्ती रात्रीच्या मिस्सेनंतरच, म्हणजे देवळातल्या उपासनेनंतरच, तिथे ठेवायची. उंटावरचे तीन राजे दूर कोपऱ्यात. ते रोज थोडे थोडे पुढे सरकतात आणि ६ जानेवारीला पोचतात.

अंधार पडल्यावर गाणारा ताफा आला. गिटार, ढोलकी, एक की-बोर्ड टेम्पोत ठेवलेला, आणि नाताळबाबा झालेला कोणी लठ्ठ तरुण घामाने निथळत चॉकलेटं वाटत होता. गाणी मराठी, चाली कधी कोळीगीताच्या वळणाच्या, कधी चर्चच्या संथ सुरावटीच्या. दारोदार थांबत, दर दारी काहीतरी खात, ते पुढच्या आळीकडे गेले. जमलेले पैसे यंदा कोणाच्या डायलिसिससाठी होते. ते जाहीर सांगितलं नाही, मला मित्राच्या काकांनी कानात सांगितलं.

आम्हा घाटावरच्यांना मराठी ख्रिस्ती म्हटलं की वाईचं मिशन हॉस्पिटल आठवतं, अहमदनगर आठवतं. तिथला ख्रिस्ती समाज प्रॉटेस्टंट, एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून वाढलेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत, कीर्तनात आणलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्या घरात नाहीत असं मराठी वाचणारं घर विरळा. वसईचा प्रवाह वेगळा, कॅथलिक, तीनशे वर्षं अधिक जुना. इथे मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. मावशींना त्या लॅटिन प्रार्थना अजून पाठ आहेत, अर्थ कधी कुणी सांगितला नाही. १९६२ ते ६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठी वेदीवर आली. "पहिल्यांदा मराठीत ऐकलं तेव्हा रडायला आलं," मावशी म्हणाल्या. "वाटलं, इतकी वर्षं हा देव आपल्याशीच बोलत होता आणि आपल्याला कळतच नव्हतं."

रात्री सगळे मिस्सेला निघालो. देवळात एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून वेदी बाहेर मैदानात. म्हाताऱ्या लाल लुगड्यात, सुना रेशमी साड्यांत, पोरी झगमगीत फ्रॉकात, पुरुष इस्त्रीच्या शर्टांत. दव पडू लागलं होतं, शाली निघाल्या. खुर्च्या मांडणारी, वाहनं लावणारी, पाण्याचे पिंप भरणारी तरुण मंडळी दंडाला फीत बांधून फिरत होती. कुठल्या आळीने काय करायचं ते आठवडे आधी ठरलेलं. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात घाटाघाटांवर प्रसादाच्या पंगती बसतात, तेव्हाही कामांची वाटणी अशीच पिढीजात असते. कोण भाजी चिरणार, कोण वाढणार, कोण पत्रावळी उचलणार हे सांगावं लागत नाही. मला त्या मैदानात परकं वाटलं नाही, त्याचं कारण हे असावं.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार आठवडे 'गौरव' हे स्तुतिगीत गात नाहीत, धर्मगुरूंचा झगाही जांभळा असतो. त्या रात्री पांढऱ्या-सोनेरी झग्यात फादरांनी गौरवगीताला सुरुवात केली आणि देवळाच्या घंटा, वेदीवरच्या घंटा, गायकांचे टाळ, सगळं एकदम वाजलं. माझ्या शेजारचं तान्हं दचकून रडायला लागलं, आणि त्याची आई हसत हसत त्याला हलवत गात राहिली. प्रवचनात फादर वाडीतल्याच गोष्टी बोलले. ज्या जोडप्याला सरायीत जागा मिळाली नाही त्याची गोष्ट सांगून त्यांनी विचारलं, की तुमच्या इमारतीत भाड्याने खोली मागायला आलेल्या माणसाला तुम्ही आधी नाव विचारता की गरज? मैदान शांत होतं. वसईत आता बाहेरून येऊन राहणाऱ्यांची संख्या मूळच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रश्न थेट समोरच्यांना होता, आणि सणाच्या रात्री तो विचारणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर दाटला.

पुढे शांतीची खूण द्यायची वेळ आली. प्रत्येक जण वळून आजूबाजूच्यांना हात जोडतो. पुढच्या रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या, ओळखीच्या नसलेल्या माणसांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, आणि मीही जोडले. मागे कडेला पलीकडच्या ब्राह्मण घरातले दोघे भाऊ उभे होते. ते दर वर्षी येतात. त्यांच्याकडे तर माणसं मुद्दाम चालत गेली.

मिस्सेनंतर बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांग लागली, आणि दुसरी रांग कॉफी आणि केकला. मला केक वाटायच्या टेबलामागे उभं केलं. समोरून येणारा प्रत्येक जण 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणत होता. घरी परतलो तेव्हा पोरांनी गव्हाणीत बाळ ठेवलं आणि मावशींनी त्याच्यावर रुमालाची घडी पांघरली.

नाताळच्या सकाळी पहिलं जाणं देवळात, आणि दुसरं ज्या घरी त्या वर्षी माणूस गेलं त्या घरी. निर्मळच्याच एका आळीत तरुण मुलगा अपघातात गेला होता. त्या दारी चांदणी नव्हती, कढई चढली नव्हती. मावशी, वहिनी, शेजारणी सगळ्या डबे घेऊन तिथे गेल्या, मीही गेलो. कोणी सांत्वनाचं बोललं नाही. ताटं काढली, प्रत्येकीने आपल्या डब्यातलं थोडं थोडं वाढलं आणि त्या आईला मधे बसवून सगळ्यांनी खाल्लं. आमच्याकडेही वर्ष व्हायच्या आधीच्या दिवाळीला त्या घरात तळण होत नाही आणि शेजारचे फराळ नेऊन देतात. पण आम्ही डबा देऊन परततो. इथे त्या आईबरोबर बसून खाल्ल्याखेरीज कोणी उठलं नाही, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. घरी जाऊन मी पत्नीला फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

दुपारचं जेवण पंचवीस-तीस माणसांचं. डुकराच्या मांसाचं इंद्याल, आंबट आणि जहाल. नारळाच्या दुधातली कोंबडी. तांदळाच्या रोट्या आणि फुगे. आंबवलेल्या पिठाचे हे गोल फुगे तळताना टम्म फुगतात आणि रश्शात बुडवले की सगळा रस्सा पितात. पूर्वी पीठ ताडीने आंबवायचे, आता यीस्टने. मसाला उन्हाळ्यातच कुटून काळ्या बाटल्यांत ठासून भरलेला. घरोघरी त्याचं प्रमाण वेगळं आणि ते लग्न होऊन जाणाऱ्या मुलीलाच सांगतात. मी विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या. जेवणाआधी काकांनी प्रार्थना म्हटली. तिच्यात घरातल्यांची नावं आली, परदेशातल्यांची आली, गेलेल्यांची आली, आणि "आज आमच्याकडे आलेल्या पाहुण्याची आणि त्याच्या घरच्यांची" असं म्हणून माझ्या पत्नीचं, मुलांचंही नाव आलं. ती नावं त्यांनी कधी विचारून ठेवली होती, कोण जाणे.

पुढचे दिवस भेटीगाठींचे. नंदाखाल हे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं गाव. 'सुवार्ता' मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण नंदाखालच्या ओट्यांवर त्यांची आठवण निघते ती हरित वसईच्या लढ्यावरून. या वाड्या, या विहिरी बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून त्यांनी हिंदू-ख्रिस्ती शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवलं. जुलै २०२४ मध्ये ते गेले. एका घरी त्यांच्या फोटोला माळ होती आणि खाली वाटीत सुकेळी. आगाशीकडची ही सुकेळी म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला मेवा, मधाच्या रंगाचा, चिवट, गोड. हिवाळ्याचं ऊन त्याला मानवतं. अंगणात मांडवावर केळी वाळत होती आणि घरधनीण दर वेळी उठून ती उलटत होती. गप्पांच्या ओघात तिने मलाही दोन रांगा उलटायला सांगितल्या.

आगाशीहून अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे निघालो तेव्हा वर्ष संपायला आलं होतं. रस्त्यात दोरी आडवी धरून दहा-बारा पोरं उभी. खुर्चीत त्यांचा 'म्हातारा' बसवलेला, सरत्या वर्षाचा पुतळा, एकतीस तारखेच्या रात्री जाळायचा. अंगात विजार होती, वर काहीच नाही. काकांनी गाडी थांबवून मागच्या सीटवरच्या पिशवीतून स्वतःचा जुना सदरा काढला.

"बटणं नीट लावा रे. थंडी आहे."

"पैसे?" पोरगं म्हणालं. मी दिले.

"काका, तुम्ही कुठले?"

"वाईचा."

"मग एकतीसला थांबा ना. फटाके पण आणलेत."

मी म्हटलं, परतायचं आहे. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. त्याने म्हाताऱ्याचं मडक्याचं डोकं उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बरं, आता आलात तर हे धरा सरळ. आम्ही आत पेंढा भरतो."